देवाच्या उजव्या हाताला

शैला,

तुझ्या बाराव्याला चपला काढायला जागा उरली नव्हती. पायरीपासून फणसापर्यंत नुसत्या चपला. पूर्णगडच्या तुझ्या शाळेतली पोरं एसटीने आली होती, तीही गणवेशात, कारण घरून शाळेला म्हणून निघाली होती. हातखंब्याला वडापावची गाडी लावणारी एक बाई आली होती. तू तिच्या मुलीला शिकवायचीस एवढंच तिला माहीत होतं, तुझं आडनावसुद्धा नाही. मी खुर्च्या लावत होते, चहाचं बघत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं: माझ्या वेळी एवढी माणसं येणार नाहीत. भाड्याने आणलेल्या निम्म्या खुर्च्या घडी न उलगडता परत जातील आणि टेम्पोवाला म्हणेल, उगाच फेरी.

हे तुला सांगितलं असतं तर तू मान तिरकी करून म्हणाली असतीस, "म्हणजे?"

म्हणजे मला तुझा हेवा वाटतो. वाटायचा असं नव्हे, वाटतो. तू गेलीस की तोही आपोआप जाईल अशी माझी समजूत होती. तसं झालं नाही. जिवंतपणी निदान तू अधूनमधून चुकायचीस, वेळेवर यायची नाहीस, माझ्या छत्र्या हरवायचीस. आता तुझ्या हातून काहीही चुकणार नाही. जो येतो तो तुझं कौतुक करून जातो आणि मी प्रत्येकाला साखर किती ते विचारते.

निघताना माझ्या चपला कोणीतरी घालून गेलं होतं. मी तुझ्या रबरी स्लिपर घालून घरी आले. त्या मला सैल होतात. परत कोणाला द्यायच्या ते कळत नाही, म्हणून दाराशी पडून आहेत.

त्या ॲपबद्दलही लोक बोलत होते. "शैलाबाईंचं ॲप." शैलाबाईंना फोनमधला फोटो दुसऱ्याला पाठवता येत नव्हता, हे मी तिथे कोणाला सांगितलं नाही. इथे सांगते. तू भर दुपारी माझ्या कंप्युटर क्लासमध्ये आली होतीस, टेबलावर फोन आपटला होतास आणि म्हणाली होतीस, "स्मिते, हे आवर."

फोनमध्ये तुझ्या विद्यार्थ्यांचे निरोप साठले होते. "बाई, विजेचा धडा समजला नाही." "बाई, गुरुत्वाकर्षणाचं सगळं सांगा." तू प्रत्येकाला एकच शब्द उलट पाठवायचीस: म्हणजे? पोरगं जरा विचार करून पुन्हा लिहायचं. तू पुन्हा, म्हणजे? असं चार-पाच वेळा झालं की विजेचा धडा न समजलेली मुलगी लिहायची, "कोरड्या हाताने बटण दाबलं तर काही होत नाही, मग ओल्या हातानेच शॉक का बसतो?" त्यावर तू लिहायचीस, "आता विचारलंस." बहुतेक वेळा त्यापुढे तुला काही सांगावंच लागायचं नाही. पोरं स्वतःच शोधायची.

मी म्हटलं, "हे तुझं टपरीसारखं चाललंय. एका वेळी एक कप. ह्याचं ॲप करता येईल."

कल्पना माझी होती. कुठेतरी लिहिलेली असावी म्हणून लिहिते.

नावही मी सुचवलं होतं, "शंका". तू म्हणालीस, "नको गो बाई. पोरं विचारतील, लघु कधी येणार." मग ॲपचं नाव ठेवलं "म्हणजे?" प्रश्नचिन्हासकट. ते नाव पोरांनी तुला आधीच दिलेलं होतं. पाठीमागे तुला म्हणजेबाई म्हणायची. मला मागे काय म्हणतात ते मी कधी विचारलं नाही. बहुतेक काहीच म्हणत नसावीत.

ॲप चालवायचं कसं, हे मला कळत नव्हतं. प्रश्न चांगला झाला हे पोराला कसं दाखवायचं? गुण द्यायचे? तारे द्यायचे? तू काही समजावत बसली नाहीस. एका रविवारी स्कूटरवर मागे बसलीस आणि मला तुमच्या गावी नेलंस, पूर्णगडच्या अलीकडे. तुझे आप्पा तिथल्या देवळात गुरव. गावातलं कोणी अडचण घेऊन आलं की ते पाषाणाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचे आणि कुठल्या बाजूची पाकळी आधी पडते ते सगळे बघत बसायचे. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कौल लावणं म्हणजे काय, हे मी ऐकून होते. बघितलं त्या दिवशी.

एक होडीवाला आला होता. हात जोडून म्हणाला, "देवा, माझा बरा होईल काय?"

पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. आप्पांनी बराच वेळ वाट बघितली. मग देवाकडे पाठ करून त्याच्याकडे वळले. "मेल्या, देवास काय कळणार त्यातून? बरा म्हणजे काय? नीट इचार."

"धंद्यात बरकत येईल काय?"

"कुठल्या धंद्यात? तू हल्ली आंबेपण इकतोस."

बाहेरच्या बायका हसल्या. होडीवाल्याने घाम पुसला, खाली बसला, पुन्हा उठला. शेवटी म्हणाला, "जुनीच होडी डागडुजी करून ह्या वर्षी पाण्यात घातली तर चालेल काय?" आणि पाकळी पडली.

परत येताना मी म्हटलं, "पाकळी ओली होती. वाळली की पडणारच. त्यात देवाचं काय?"

तू मागून म्हणालीस, "पडणारच. पण तोवर त्याला नक्की काय विचारायचंय ते त्याला सापडलं ना?"

मी हॉर्न वाजवला. समोर ट्रक होता असं निमित्त होतं.

घरी येऊन कोड लिहायला घेतलं. पोराने प्रश्न पाठवायचा. तू किंवा तुझ्या शाळेतल्या दोघीतिघी शिक्षिकांनी त्याला फक्त एक उलट प्रश्न पाठवायचा. पोराने आपला प्रश्न सुधारायचा. प्रश्न नीट झाला, असं तुम्हाला वाटलं की पडद्यावर जास्वंदीची पाकळी पडणार, उजवीकडे. आणि मग तो प्रश्न सगळ्या मुलांसमोर जाणार. उत्तर कुठेच नाही.

मी पाकळी उजवीकडे पाडली. फार सुंदर पडायची, वाऱ्यावर थोडी हलत. शहरातली पोरं खूश. गावाकडची पोरं मात्र एकेक करून गप्प झाली. ज्यांचे प्रश्न सगळ्यांत चांगले, तीच आधी गप्प. मी सर्व्हर तपासला. रेंज नसेल म्हणाले. फोन जुने असतील म्हणाले. शेवटी पूर्णगडच्या एका मुलीने तुला वर्गात उभं राहून विचारलं, "बाई, माझ्या प्रश्नाला डावा कौल का दिलात? मी काय चुकीचं विचारलं?"

तू माझ्या क्लासमध्ये आलीस आणि टेबलावर डोकं ठेवून हसत सुटलीस. टॅली शिकायला आलेल्या मुली वळून बघायला लागल्या.

"स्मिते, उजवा म्हणजे देवाचा उजवा! देव तुझ्याकडे तोंड करून बसलाय. त्याचा उजवा हात तुझ्या डावीकडे येतो."

"फोन म्हणजे देव नव्हे."

"ते पोरांना कुठे माहीत?"

एका ओळीची दुरुस्ती होती. पोरं परत आली. मी बाजारपेठेत वाढलेली, मला कोणी कधी सांगितलं नव्हतं की समोरच्याची उजवी बाजू वेगळी असते. तू मात्र ती गोष्ट महिनाभर सगळ्यांना सांगत होतीस, प्रत्येक वेळी माझा आवाज काढून.

आपलं खरं भांडण उत्तराच्या बटणावरून होतं आणि ते मिटलेलं नाही. मी म्हणायचे, निदान परीक्षेच्या आधी तरी पोरांना उत्तर द्यावं. तू म्हणायचीस, उत्तर कुठेही मिळतं, फोन उघडला की मिळतं, तेवढ्यासाठी आपण कशाला?

"आईबाप फोन मला करतात, तुला नाही."

"मग त्यांनाही 'म्हणजे?' म्हण."

"म्हटलं होतं. त्यांनी ॲप काढून टाकलं."

तू तरीही मानलं नाहीस. ते बटण मी लिहून ठेवलं होतं. पडद्यावर दिसत नव्हतं, पण आत होतं. तुलाही ते माहीत होतं.

आता जुईचं. माझ्या मुलीबद्दल न लिहिता हे पत्र संपवलं, तर तू म्हणशील, मूळ प्रश्न टाळलास.

जुई बारावीत. फिजिक्सला तुझ्याकडे यायची. शिकवणी संपली तरी उठायची नाही. मी न्यायला आले की तुम्ही दोघी पायरीवर बसलेल्या असायच्या, मधे शेंगांची पुडी. ती हातवारे करून बोलत असायची. माझी पोर हातवारे करते, हे मला तुझ्या फाटकातून कळलं. घरी आमचं बोलणं ठरलेलं. जेवलीस? हो. अभ्यास? झाला. पैसे हवेत? नको. मी स्कूटरचा हॉर्न वाजवला की तुम्ही दोघी एकदम थांबायचात. शेंगांचं फोलपट झटकत ती यायची.

"काय चाललं होतं?"

"काही नाही, आई."

मी तिला चालायला शिकवलं, गावखडीच्या किनाऱ्यावर पोहायला शिकवलं, तापाने फणफणलेली असताना तिला घेऊन बसले. तुझ्याकडे ती शेंगा खायला यायची आणि सगळं तुला सांगायची. हे न्यायाला धरून नाही. अजूनही नाही.

एकदा मी तुला सरळ विचारलं, "काय विचारत असते ती तुला?"

"तिचा प्रश्न आहे. ती विचारेल."

"कोणाला?"

"ज्याला विचारायचाय त्याला."

मला वाटलं, कुठला तरी मुलगा असणार. महिनाभर मी तिच्या वर्गातल्या मुलांकडे संशयाने बघत होते.

दवाखान्यात मी शेवटचं आले तेव्हाही तू तेच काढलंस. आवाज बसला होता तुझा. "जुई काही बोलली का तुझ्याशी?"

मी म्हटलं, "माझ्याशी कशाला बोलेल? तू आहेस ना."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं, आता "म्हणजे?" म्हणशील. म्हटलं असतंस तर मी तिथेच सगळं बाहेर काढलं असतं, शेंगांसकट. पण तू म्हणालीस, "बरं. ती खिडकी लाव, डास येतात." मी खिडकी लावली आणि क्लास उघडायला गेले. सगळ्या जगाला तू उलट विचारलंस, मला "बरं" म्हणालीस. त्याचा अर्थ काय, हे आता कोणाला विचारू?

बाराव्याला आप्पा ओट्यावर एकटे बसले होते. मी चहा नेऊन दिला. विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलं. "आप्पा, शैला आजारी होती तेव्हा कौल लावला होतात?"

त्यांनी कपाकडे बघत मान हलवली. "नाय."

"का?"

"एऱ्हवी माणसास काय इचारायचा ता कळत नाय, म्हणून कौल. तिच्या वेळेस प्रश्न अगदी नीट होता गो. म्हणून नाय लावला."

मी आत गेले आणि धुतलेले कप पुन्हा धुतले.

त्यानंतर ॲपवर निरोप साठायला लागले. तुझ्या सहकारी शिक्षिका परीक्षेच्या कामात. मला वाटलं, त्यात काय, मी बसते. वेळणेश्वरच्या एका मुलीचा पहिलाच प्रश्न होता, समुद्राचं पाणी खारट का असतं. मला उत्तर येत होतं. मी व्यवस्थित लिहिलं: नद्या, खडक, क्षार, बाष्पीभवन. मुद्देसूद.

तिचं उत्तर आलं, "हे पुस्तकात आहे. तुम्ही शैलाबाई नाही ना?"

मी लिहिलं, "नाही. शैलाबाई वारल्या."

मग आलं, "मग आता 'म्हणजे?' कोण म्हणणार?"

एवढ्या लांबच्या मुलीला, तुला कधी न बघितलेल्या मुलीला, माझ्या एका उत्तरावरून मी तू नसल्याचं कळलं. मी फोन उलटा करून ठेवला आणि भाजी आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी बटण सुरू केलं. ऐकलंस? उत्तराचं बटण ॲपवर आलं आहे. पण पोराने आपला प्रश्न एकदा तरी बदलल्याशिवाय ते दाबलं जात नाही. ही अट तुझ्यासाठी नाही घातली. मला ती बरोबर वाटली म्हणून घातली. तुला हे पटणार नाही. तू म्हणशील, एकदा बदलून काय होतं, पोरं एखादा शब्द इकडचा तिकडे करतील. करतील. मग ये आणि भांड.

आणि काल. मी मोरीपाशी बांगडे साफ करत होते. जुई दाराला टेकून उभी राहिली. तू गेल्यापासून ती घरात पाहुण्यासारखी वावरत होती.

"आई, एक विचारू?"

मी मनात उत्तरं तयार केली. पैसे: किती? सहल: नाही. मोबाईल: जुना चालतोय.

"थांब," ती म्हणाली, "नीट विचारते." तिने तळवे ड्रेसला पुसले. "मी इंजिनिअरिंगला बाहेर गेले नाही, इथेच राहून मासळीचं शिक्षण घेतलं, तर तुझं नेमकं काय जाईल?"

मी बांगडा धरून तशीच बसले. पहिलं मनात आलं ते हे: हा शैलाने पढवलेला प्रश्न आहे. मेल्यावरही माझ्या मोरीपर्यंत आली.

"शैलामावशीने शिकवलं का असं विचारायला?"

"नाही ना," जुई म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "तिच्याकडे मी किती दिवस हेच घासत होते. ती पाकळी पाडतच नव्हती. आधी मी म्हटलं, आई रागावेल का? ती म्हणाली, ह्याचं उत्तर तुला माहीत आहे. मग म्हटलं, आईला कसं पटवू? ती म्हणाली, हा प्रश्न नव्हे, हा डाव आहे. तुझ्या आईशी डाव खेळायचा नाही, तिला विचारायचं. मग ती दवाखान्यात गेली. हा मी एकटीने केलाय."

म्हणजे पायरीवर, शेंगांच्या पुडीपाशी, मी हॉर्न वाजवला की थांबायचं ते हे होतं. मी फाटकातून बघत होते, मला जुई माझ्यापासून लांब जाताना दिसत होती. तू त्या बाजूला बसली होतीस. तुला ती माझ्याकडे येताना दिसत होती. तरी एका शब्दाने बोलली नाहीस! इतकं कोणी गप्प राहतं का?

मला उत्तर आलं नाही. मला, जिला साखरेपासून सर्व्हरपर्यंत सगळ्याचं उत्तर येतं. नेमकं काय जाईल? चारचौघांत सांगायची एक गोष्ट जाईल. दुसरं काही सापडेना. मी खरोखर न कळून म्हणाले, "म्हणजे?"

"आई, आता तू नको सुरू करू," जुई म्हणाली आणि रडता रडता हसली. मग माझ्याशेजारी पाटावर बसली आणि राहिलेले बांगडे तिने साफ केले. माझ्यापेक्षा चांगले केले. मी तिच्याकडून आठवडा मागून घेतला आहे.

तर शैला, चपला तुझ्या दारात जास्त होत्या, पोरं तुझ्यासाठी रडली, ॲप तुझ्या नावाने ओळखलं जातं आणि ते तसंच राहणार. पण जुईचा हा प्रश्न नीट झाला तेव्हा तू तिथे नव्हतीस. तू तो ऐकलेला नाहीस. तो पहिल्यांदा मी ऐकला, माशाच्या हातांनी, माझ्या मोरीपाशी. पाकळीसुद्धा मीच पाडली असती, देवाच्या उजव्या हाताला.

आता तुझी पाळी. कर हेवा.

स्मिता